उजेडावर चालणारं क्रोम-पाण्याचं मशीन : तीन महिने वापरून आलेला अनुभव (प्लेटिंगवाल्यांनी घेण्याआधी वाचा)

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्लेटिंग युनिट आहे (धातूच्या वस्तूंवर दुसऱ्या धातूचा मुलामा द्यायचं), बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. निकेल-क्रोम डेकोरेटिव्ह आणि थोडं हार्ड क्रोम (म्हणजे जाड, कडक थर), माणसं नऊ. नोव्हेंबर ते जानेवारी असे तीन महिने आम्ही ते फोटोकॅटॅलिस्टचं मशीन भाड्यानं लावलं होतं, म्हणजे लाइट पाडून पाण्यातलं विषारी क्रोम काढायचं मशीन, आणि आता ते परत पाठवलंय. तेव्हापासून ओळखीतले पाच-सहा जण फोन करून विचारतायत की ताई घ्यायचं का नाही, मग म्हटलं एकेकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकू. कंपनीचं नाव टाकत नाही. त्यांच्या इंजिनिअर पोरांनी मनापासून काम केलं आणि जे खटकलं ते पुढे लिहितेच आहे.

आधी ज्यांना प्लेटिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्रोमच्या टाकीत जे असतं ते हेक्सा क्रोम, सहा वालं, म्हणजे ज्याचे सहा इलेक्ट्रॉन गेलेत ते. जॉब (मुलामा द्यायची वस्तू) टाकीतून वर काढला की त्याला चिकटून थोडं द्रावण येतं आणि तो जॉब ज्या पाण्यात धुवायचा ते पाणी पिवळं होत जातं, लिंबाच्या सरबतासारखं दिसतं आणि कॅन्सर करणारं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं हेक्सा क्रोम पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं. तेच क्रोम तीन वालं झालं, ट्राय क्रोम, की त्याचा विषारीपणा खूपच कमी होतो आणि चुना घातला की हिरव्या गाळासारखं खाली बसतं. आमच्या कन्सेंटवर (प्रदूषण मंडळाच्या परवानगीपत्रावर) हेक्सा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एकूण क्रोम २ मिलिग्रॅम, याच्यावर गेलं की नोटीस. पिण्याच्या पाण्याला तर आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण क्रोमच फक्त ०.०५.

नोटिशीचं सोडा. आमच्याकडे सगळ्यात जुने ऑपरेटर आहेत, आम्ही काका म्हणतो, त्यांनी तरुणपणी दुसरीकडे क्रोमच्या टाकीवर काम केलं जिथे वाफ ओढून घ्यायला पंखासुद्धा नव्हता, आणि त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आज भोक आहे. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, शांत असलं की ऑफिसात बसून मला ऐकू येतो. जुन्या प्लेटरांमध्ये हे नवीन नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. आणि आपल्या भागाचं पाणी शेवटी इंद्रायणीला जातं, पुढे आळंदी, तिथे कार्तिकीला माणसं त्याच पाण्यात उतरून तोंडात घेतात, माझी आई पण त्यातलीच. त्यामुळे या विषयात मी कागद नीट आहे ना एवढ्यावर थांबू शकत नाही.

आता आपण सगळे काय करतो तर सल्फ्युरिकनं पीएच अडीचवर आणायचा, मेटा टाकायचं (सोडियम मेटाबायसल्फाईट हो), पिवळ्याचं हिरवट झालं की चुना, मग सेटलिंग म्हणजे गाळ बसू द्यायचा, मग गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस. चालतं छान. त्रास एकच, आम्लात मेटा पडलं की सल्फर डायऑक्साईडचा भपका येतो, डोळे चुरचुरतात, छाती धरते, आणि माणसं घाईत दोन मुठी जास्तच टाकतात म्हणजे भपका अजून मोठा. मागच्या पावसाळ्यात ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) शेडमध्ये काकांना खोकल्याची इतकी मोठी उबळ आली की त्यांना बाहेर आणून बसवावं लागलं, त्या दिवशी मी ठरवलं की याला दुसरा काही रस्ता आहे का बघायचं. त्यातून हे मशीन.

मशीन दिसायला साधं आहे, २०० लिटरची टाकी, बाजूला अर्धा एचपीचा पंप, आणि एक चपटी पेटी ज्यात काचेच्या जाळ्यांवर टायटॅनियम डायऑक्साईडचा थर दिलाय आणि समोर ३६५ नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी. पाणी टाकीतून पेटीत, पेटीतून टाकीत, गोल गोल फिरत राहतं. टायटॅनियम डायऑक्साईड म्हणजे काही अद्भुत नाही, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. पण त्याच्यावर ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीचा उजेड पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उडून मोकळा होतो आणि मागे रिकामी जागा राहते. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर उजेड पाडून पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला तिथून हा सगळा विषय मोठा झाला. आपल्या कामाचं एवढंच की तो मोकळा इलेक्ट्रॉन हेक्सा क्रोम पकडतं, असे तीन पकडले की सहाचं तीन झालं. मेटा जे काम करतं तेच, फक्त इथे इलेक्ट्रॉन पुरवणारा उजेड.

पहिली बॅच मला अजून डोळ्यासमोर आहे. धुण्याचं दुसरं पाणी (जॉब दुसऱ्यांदा ज्यात धुतो ते) घेतलं होतं, हेक्सा साधारण २० मिलिग्रॅम, पीएच अडीच, त्यात सायट्रिक ॲसिड १०० ग्रॅम, आणि सकाळी साडेदहाला चालू केलं. दर तासाला काका परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात डायफिनाईल कार्बाझाईडचे थेंब टाकायचे, हेक्सा असेल तर जांभळा-गुलाबी रंग येतो, आणि नळी पांढऱ्या टाइलसमोर धरून बघायचे. साडेदहाला रंग जांभळासारखा गडद. साडेबाराला कोकम सरबत. दोनला फिकट गुलाबी. तीन वाजता काका नळी टाइलसमोर धरून बराच वेळ बघत राहिले, मग मला हाक मारली, "ताई, काहीच नाय ओ यात." पाण्यासारखं पाणी. वास नाही, भपका नाही, शेडमध्ये कोणी खोकत नाही. त्या दिवशी मी मनातून हे मशीन घेतलंच होतं खरं सांगायचं तर.

आता सायट्रिक कशाला हा प्रश्न मला पण पडला होता कारण माहितीपत्रकात लिहिलेलं "केमिकलशिवाय". तर इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे जी रिकामी जागा राहते ती कशानं तरी भरावी लागते, नाहीतर उडालेला इलेक्ट्रॉन परत तिथेच येऊन बसतो आणि उजेड वाया जातो. सायट्रिक ती जागा भरतं आणि स्वतः जळून जातं. आम्ही एक बॅच मुद्दाम सायट्रिकशिवाय लावली तर पाच तासांत निम्मंसुद्धा उतरलं नाही. म्हणजे आम्ल लागतंच, सायट्रिक लागतंच, शेवटी चुना पण लागतोच, मग केमिकलशिवाय कसं काय म्हणता? फक्त मेटा वाचतं. हे विकणाऱ्यानं पहिल्या भेटीत सांगायला पाहिजे, आम्हाला इन्स्टॉलेशनच्या दिवशी कळलं.

आणि सायट्रिकनंच आमचा मोठा घोळ केला, हे मुद्दाम सविस्तर लिहिते कारण कोणाच्याही लक्षात येणार नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लॅबचा रिपोर्ट आला, हेक्सा ०.०५, एकदम छान, आणि खाली एकूण क्रोम ६.८. दोनच्या जागी ६.८! मी लॅबला फोन केला की चूक झालीय, त्यांनी परत करून दिलं, तेवढंच. मग चुना घातलेलं वरचं नितळ पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन बघितलं तर त्याला किंचित हिरवट झाक, गाळ बसलेला असूनही. झालेलं असं की सायट्रिक ट्राय क्रोमला धरून ठेवतं, मिठी मारल्यासारखं, आणि मग चुन्याला ते खाली बसवता येत नाही. आमच्याकडे कामाला असलेल्या पोरानं लवकर व्हावं म्हणून १०० च्या जागी अडीचशे ग्रॅम टाकलं होतं. जो नुसती हेक्साची टेस्ट करून पाणी सोडेल त्याला हे कधी कळणारच नाही आणि तो पुढे क्रोम सोडत राहील. ती बॅच आम्ही सोडली नव्हती, साठवून ठेवलेली, परत मशीनमध्ये घालून रात्रभर फिरवली, उरलेलं सायट्रिक उजेडानं जळलं आणि मग चुन्याला गाळ नीट बसला. नंतर इंजिनिअरनं फॉर्मिक ॲसिड वापरायला सांगितलं, ते जळून गेलं की कार्बन डायऑक्साईड होऊन उडून जातं, क्रोमला धरून बसत नाही. त्यानं एकूण क्रोम दोनच्या खाली यायला लागलं. पण फॉर्मिक नाकाला आणि कातडीला वाईट, हातमोजे-चष्मा लागतोच, म्हणजे ज्या वासापासून पळालो त्याचा चुलतभाऊ घरात आला.

निकेलचं काय? काहीच नाही. आमच्या निकेलच्या धुण्याच्या पाण्यावर दोन बॅच लावल्या, आत जेवढं तेवढंच बाहेर. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "सर्व जड धातू काढते" आणि हे माझ्या मते सरळ दिशाभूल आहे. त्या इलेक्ट्रॉनची ताकद ठरलेली असते, क्रोम, पारा, चांदी यांना ती पुरते, जस्त आणि कॅडमियमला पुरतच नाही, निकेल काठावरचं, प्रत्यक्षात होत नाही. आपल्यात बहुतेकांकडे निकेल आणि क्रोम दोन्ही असतं, काहींकडे झिंक पण, म्हणजे चुन्याची लाइन तुम्हाला ठेवावीच लागणार. शिवाय क्रोम सुद्धा हे मशीन "काढत" नाही हो, रूप बदलतं, धातू पाण्यातच असतो जोपर्यंत तुम्ही गाळ करून बाहेर काढत नाही, आणि तो गाळ घातक कचऱ्यातच जातो, त्याची गाडी, त्याचं मॅनिफेस्ट म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद, त्याचे पैसे सगळं आहे तसंच राहतं.

घट्ट पाण्यावर पण लावून बघितलं. ड्रॅगआउटच्या टाकीतलं, म्हणजे क्रोमच्या टाकीतून काढलेला जॉब पहिल्यांदा बुडवतो तिथलं, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चांगलं पिवळंधमक. रात्रभर चालवलं, सकाळी तितकंच पिवळं. कारण ऐकल्यावर पटलं, हेक्सा क्रोमचा पिवळा रंग म्हणजेच ते त्या भागातला उजेड स्वतः पिऊन टाकतं, ३६५ चा उजेड जाळीवर पोचायच्या आधीच पाण्यात संपतो. तीच गोष्ट गढूळ पाण्याची आणि तेलाची. डिग्रीजिंगनंतर (जॉबवरचं तेल-ग्रीस काढल्यावर) नीट न धुतलेला जॉब असेल तर तेलाचा तवंग जाळीवर बसतो. त्यात ट्राय क्रोम पण थोडं थोडं जाळीवरच जमतं, पाच आठवड्यांनी पेटी उघडली तर पांढऱ्या जाळ्या शेवाळल्यासारख्या हिरवट झालेल्या, आणि साडेचार तासांची बॅच सात तासांवर गेलेली. पातळ सल्फ्युरिकनं धुतल्यावर परत पाच तासांवर आली, पण पहिल्यासारखी कधीच झाली नाही. आणि धुतलेलं पाणी परत ईटीपीतच घालायचं हे विसरू नका.

आता पैसे, ज्याच्यासाठी बहुतेक जण इथपर्यंत वाचत आले असतील. एलईडी आणि पंप धरून साधारण एक किलोवॅट, पाच तास, म्हणजे पाच युनिट, आम्हाला सगळं धरून युनिट साडेनऊच्या आसपास पडतं, म्हणजे २०० लिटरला ४७-४८ रुपये नुसती वीज. त्या २०० लिटरमध्ये क्रोम किती, तर चार ग्रॅम. चार ग्रॅम क्रोमला हिशोबानं मेटा लागतं अकरा ग्रॅम, हात सैल सोडून तीस ग्रॅम धरा, ५० रुपये किलोनं दीड रुपया. दीड रुपया विरुद्ध ४८, वर फॉर्मिक वेगळं. मी हा हिशोब तीनदा करून बघितला कारण मला तो पटत नव्हता. आमचं दिवसाचं धुण्याचं पाणी १८०० लिटर आहे, एका मशीननं दोन पाळ्यांत जास्तीत जास्त ६०० होतं, म्हणजे तीन मशीन दिवस-रात्र. नाही जमत. कर्ज काढून जमवलं असतं जर गाळ कमी झाला असता, पण तो तेवढाच आहे.

उन्हावरचं पण होतं त्यांच्याकडे, ट्रायल म्हणून दिलेलं, एक चौरस मीटरचा उतरता पत्रा, त्यावर तोच थर, वरून पातळ पाणी सोडायचं. आम्ही गच्चीवर ठेवलं. डिसेंबरच्या उन्हात ११ ते अडीच या वेळात २० लिटर पाणी साफ झालं, वीज जवळजवळ शून्य, फक्त टुल्लू पंपाची. हे मला मशीनपेक्षा जास्त आवडलं. पण उन्हात यूव्ही असतं जेमतेम चार-पाच टक्के, बाकीचा उजेड या पदार्थाला चालत नाही, म्हणून जागा लागते, आमच्या १८०० लिटरला नव्वद-एक चौरस मीटर पत्रा लागेल आणि जून ते सप्टेंबर काय करायचं हा प्रश्न आहेच. अजून एक, दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर गेले तर पत्र्याच्या कडेला दोन कावळे येऊन बसलेले, पाणी प्यायला. मी धावत जाऊन हाकलले आणि त्याच दिवशी जाळी आणून टाकली. कंपनीनं झाकण द्यायलाच पाहिजे होतं, उघड्यावर हेक्सा क्रोमचं पाणी ठेवायचं म्हणजे काय. पेटीचं पण तेच, झाकण उघडलं तरी एलईडी चालूच राहतात, आपोआप बंद होत नाहीत, ३६५ चा उजेड डोळ्याला दिसतो कमी आणि लागतो जास्त. आमच्या पोरानं एकदा वाकून आत बघितलं, दिवसभर डोळे लाल होते त्याचे. आम्ही स्वतः झाकणाला स्विच लावून घेतला, जो मुळात मशीनबरोबर यायला पाहिजे.

काही जणांनी विचारलं घरच्या बोअरच्या पाण्याला असलं काही बसवू का. कृपया नको. घरच्या पाण्यात शिसं, आर्सेनिक असं काही निघालं तर आधी नीट लॅबमधून तपासा, मग आरओ किंवा त्या-त्या धातूचा शोषक फिल्टर. उजेडाचा उपयोग तिथे एवढाच की आर्सेनिकचं तीन वालं रूप पाच वालं होतं, जे लोखंडाच्या गाळाला नीट चिकटतं. बांगलादेशात प्लास्टिकच्या बाटलीत विहिरीचं पाणी, त्यात लिंबाच्या रसाचे थेंब आणि ऊन असा प्रयोग झालेला, पाण्यात आधीच असलेलं लोखंड तिथे कामाला येतं. पण तिथे सुद्धा आर्सेनिक पूर्ण जात नव्हतं, बरंच कमी होत होतं, म्हणून त्याच्या भरवशावर घरातल्या लेकरांना पाणी पाजू नका.

मग कोणी घ्यावं? ज्यांचं पाणी थोडं आहे आणि पातळ आहे, दिवसाला दोन-तीनशे लिटर, कॉलेजची लॅब असेल, छोटं ॲनोडायझिंग-पॅसिव्हेशन (धातूवर गंज रोखणारा थर द्यायचं काम) असेल ज्यात क्रोमेट म्हणजे हेक्सा क्रोमच आहे, किंवा मेटानं ९० टक्के काम करून शेवटचं उरलेलं हेक्सा खाली आणायचं असेल, तिथे हे मशीन खरंच सुंदर काम करतं आणि माणसांच्या छातीला त्रास देत नाही. घेताना विक्रेत्याला तुमच्याच पाण्याची बॅच लावून दाखवायला सांगा, त्यांनी आणलेल्या पाण्याची नको, आणि रिपोर्ट एकूण क्रोमचा मागा, नुसत्या हेक्साचा नाही. जाळी बदलायची किंमत लेखी घ्या, आम्हाला ती तोंडी एक सांगितली आणि कोटेशनमध्ये दुप्पट आली. सर्व्हिसला मात्र पूर्ण मार्क, फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस हजर, रविवारी पण एकदा आला. मशीनला पाचातले तीन देईन, माहितीपत्रकाला एक पण नाही.

आम्ही परत मेटावर आलोय. पण तसंच नाही आलो, मशीनच्या तीन महिन्यांच्या भाड्यात जेवढे गेले त्याच्याहून कमी पैशात टाकीवर झाकण, वाफ ओढणारा पंखा आणि ओआरपी मीटर (हेक्साचं ट्राय झालं का ते व्होल्टेजवरून सांगणारं) बसवलं, आता मेटाचं द्रावण डोसिंग पंपानं थेंब थेंब जातं आणि मीटर अडीचशे मिलिव्होल्टच्या आसपास आलं की बंद होतं, मुठीनं टाकणं संपलं. भपका नव्वद टक्के गेला. गच्चीवरचा पत्रा मी विकत ठेवून घेतलाय, जाळीसकट, उन्हाळ्यात हार्ड क्रोमच्या शेवटच्या धुण्याचं पाणी त्याच्यावरून घेणार आहे, मार्च-एप्रिलचे आकडे आले की खाली लिहीन. आणि ती जांभळ्या रंगाची टेस्ट आम्ही चालू ठेवलीये, रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडायच्या आधी काका नळी टाइलसमोर धरतात आणि मला हाक मारतात.